तक्रार ‘बंद’ झाली हे कोणी ठरवायचं? महापालिकेचे आकडे आणि आपण

तळजाई (धागाकर्ती)

महापालिकांच्या डिजिटल कारभाराबद्दल इथे अधूनमधून बोलणं होतं, पण एका प्रश्नावर सलग चर्चा झालेली मला सापडली नाही. म्हणून स्वतंत्र धागा काढतेय. महापालिकेच्या संगणकात आपल्याबद्दल चुकीची नोंद झाली, तर ती दुरुस्त करायची जबाबदारी कोणाची? आणि आपली तक्रार सुटली, हे ठरवायचा अधिकार कोणाचा?

पुण्यातल्या मिळकतकराचं उदाहरण घेते. मालक स्वतः घरात राहत असेल तर ४० टक्के सवलत, ही पद्धत इथे १९७० पासून होती. लेखापरीक्षणात तिच्यावर आक्षेप निघाला, राज्य सरकारने ती थांबवली आणि बऱ्याच ओरडीनंतर २०२३ मध्ये पुन्हा दिली. मधल्या काळात शहरातल्या मिळकतींचं जीआयएस (संगणकीय नकाशावर आधारित) सर्वेक्षण झालं होतं. त्यात ज्यांच्या घरापुढे ‘मालक राहत नाही’ अशी नोंद पडली, त्यांची सवलत गेली. ती परत हवी तर पीटी-३ अर्ज भरायचा, सोसायटीचं पत्र जोडायचं, शिवाय मतदार ओळखपत्र, गॅसकार्ड किंवा शिधापत्रिका. नोंद केली सर्वेक्षकाने आणि ती चुकीची आहे हे सिद्ध करायचं घरमालकाने. त्या दिवसांत क्षेत्रीय कार्यालयात गेलेल्यांना रांगेतले म्हातारे लोक आठवत असतील.

सर्वेक्षण करू नये असं माझं म्हणणं नाही. करायलाच हवं. पण सर्वेक्षक दारातून परत जाताना काय लिहून चाललाय, याचा कागद नाहीतर मेसेज घरमालकाला तिथल्या तिथे मिळायला हवा होता. चूक त्याच दिवशी दुरुस्त झाली असती.

तक्रारींचंही तसंच. कोणत्याही शहरातल्या माणसाला विचारा. चेंबर तुंबल्याची तक्रार अ‍ॅपवर टाकली की दोन दिवसांनी मेसेज येतो, ‘आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे’. चेंबर वाहतच असतो. आणि महिनाअखेरीच्या सादरीकरणात हीच तक्रार ‘निकाली’च्या रकान्यात जाऊन बसते.

स्मार्ट सिटी अभियान २५ जून २०१५ ला सुरू झालं. जानेवारी २०१६ च्या पहिल्या वीस शहरांत पुणे दुसरं आलं, सोलापूरही त्याच यादीत होतं. ३१ मार्च २०२५ ला अभियान संपलं. त्यातल्या शंभरही शहरांत नियंत्रण कक्ष उभे राहिले. तिथल्या भिंतभर पडद्यांवर शहर दिसतं, पण माझी तक्रार कोणाच्या टेबलावर अडकलीय, हे मला घरबसल्या दिसत नाही. तुमच्या शहरात काय अनुभव आहे? अनुभवाबरोबर उपायही लिहा.

खडकमाळ

पीटी-३ बद्दल +१. पण दुसरी बाजूही मांडतो. सर्वेक्षणाआधी कितीतरी मिळकतींची आकारणीच झालेली नव्हती. वाढीव मजले, निवासी म्हणून नोंद असलेली दुकानं, हे सगळं कागदी रजिस्टरात वर्षानुवर्षं दडून राहिलं. नियमित भरणाऱ्यांनी भरायचं आणि बाकीच्यांनी मजा करायची. त्यामुळे चुका झाल्या म्हणून मोजणीवरच राग काढू नये.

तळजाई

@खडकमाळ, मान्य. मोजणीवर राग नाहीच. मोजलेलं ज्याच्याबद्दल आहे त्याला आधी दाखवा, एवढंच मागणं आहे.

पेठकर_निवृत्त

मी एका महापालिकेच्या कर आकारणी व कर संकलन विभागात आयुष्य काढलं. कोणती ते लिहीत नाही, कारण मी सांगतोय ते बहुतेक ठिकाणी असंच होतं.

ताई, तुम्ही सर्वेक्षकापासून सुरुवात केलीत. नोंद चुकायला त्याच्या आधीपासून सुरुवात होते. रजिस्टरं संगणकावर चढवली तेव्हा आमच्याकडे वर्षाचा हिशोब पूर्ण करण्याची घाई होती. जुन्या रजिस्टरात पेठ निरीक्षकाच्या, म्हणजे त्या भागाचा कर बघणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातचे शेरे असायचे, ‘मालक वरच्या मजल्यावर, खाली भाचा’, ‘वाद न्यायालयात’, ‘वारसनोंद प्रलंबित’. संगणकात त्यासाठी रकाना नव्हता. मालक की भाडेकरू, एवढे दोनच पर्याय. खाली राहणाऱ्या भाच्याला कशात घालायचं? ऑपरेटरने ‘भाडेकरू’ निवडलं आणि पुढचं पान उघडलं. शेरा रजिस्टरातच राहिला, आणि रजिस्टर गेलं अभिलेख कक्षात.

मोबाईल नंबरचंही असंच. तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नसे आणि मिळकतदाराचा नंबर तर कोणाकडेच नव्हता. मग दहा वेळा नऊ. पुढे कराची बिलं मेसेजने पाठवायचं ठरलं, तेव्हा किती नंबर खरे आहेत हे कळलं.

हे त्या ऑपरेटरांना दोष द्यायला लिहीत नाही. ती कंत्राटावरची मुलं होती, दिवसाला किती नोंदी झाल्या यावर त्यांचं काम मोजलं जायचं. आज वरिष्ठ अधिकारी पडद्यावरचा आकडा बघून निर्णय घेतात, तेव्हा त्या आकड्याच्या पोटात काय आहे हे सांगणारं माणूस खोलीत नसतं. पेठ निरीक्षक बैठकीला बोलावला जात नाही. त्याला बोलवा. पेठेतलं कुठलं घर कशात मोडतं हे त्याला तोंडपाठ असतं.

डोंबिवली_लोकल

काका, उत्तम लिहिलंत. भर घालतो. ई-गव्हर्नन्समध्ये राज्यात आमची कल्याण-डोंबिवली महापालिका सुरुवातीच्यांपैकी. नागरी सुविधा केंद्राची एक खिडकी, तिथेच अर्ज, तिथेच पावती, त्यावर टोकन क्रमांक. पुढे हेच इतर शहरांत न्यायचं ठरलं. शहरांसाठीची केंद्राची जेएनएनयूआरएम योजना २००५ मध्ये आली तेव्हा तर ई-गव्हर्नन्स ही निधीसाठीच्या सक्तीच्या सुधारणांपैकी एक होती.

त्या खिडकीमागे माणूस बसलेला असायचा हे महत्त्वाचं. अर्जात काही राहिलं तर तो तिथेच सांगायचा. पोर्टल ‘कागदपत्र अमान्य’ एवढंच म्हणतं. कोणतं कागदपत्र आणि का, ते विचारायचं कोणाला?

कोडवाला

मी नगरपालिकांसाठी तक्रार प्रणाली बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. मूळ प्रश्नाचं तांत्रिक उत्तर देतो.

प्रत्येक तक्रारीला एक ‘स्थिती’ असते आणि एक मुदत. मुदत संपली की तक्रार आपोआप वर सरकते, कनिष्ठ अभियंत्याकडून उपअभियंत्याकडे, तिथून पुढे. वर सरकलेली तक्रार म्हणजे खालच्याची नाचक्की. त्यामुळे मुदतीच्या शेवटच्या दिवशी दोनपैकी एक घडतं. एकतर तक्रार ‘बंद’ होते, नाहीतर ‘वर्ग’ होते. वर्ग म्हणजे दुसऱ्या खात्याकडे रवाना. रस्त्यात खड्डा आहे, पण तो पाण्याच्या लाइनीमुळे पडला म्हणून पाणीपुरवठ्याकडे, तिथून ‘हे ड्रेनेजचं’ म्हणून ड्रेनेजकडे. मी पाहिलेल्या बहुतेक प्रणालींत वर्ग केल्यावर मुदत नव्याने सुरू होते. तीन खाती फिरून आलेली तक्रार कागदोपत्री कधीच उशिराची ठरत नाही.

हे बदलायला कोडच्या चार ओळी लागतात. मुदत पहिल्या दिवसापासून मोजा, कितीही खाती फिरली तरी. बंद करताना जागेवरचा फोटो सक्तीचा करा. तक्रारदाराला ‘पुन्हा उघडा’ हे बटण द्या आणि पुन्हा उघडलेल्या तक्रारींचा आकडा अधिकाऱ्याच्या नावापुढे दाखवा. आम्ही हे देऊ शकतो. पण निविदेत तसं लिहिलेलं नसतं. निविदा लिहिणाऱ्याला डॅशबोर्डवर हिरवा रंग हवा असतो. म्हणून म्हणतो, प्रणाली सुरू झाल्यावर भांडण्यापेक्षा निविदेचा मसुदा जाहीर होतो त्या आठवड्यात भांडा. तो संकेतस्थळावर असतो, पण वाचणारे फक्त ठेकेदार.

पेठकर_निवृत्त

@कोडवाला, फोटो सक्तीचा केला तर शेजारच्या गल्लीतल्या चांगल्या रस्त्याचा फोटो चढतो. जागेची नोंद फोटोतच यायला हवी. आणि तक्रारदाराच्या संमतीशिवाय बंदच करायची नाही असं केलंत, तर एक अडचण आहे. निम्मे तक्रारदार फोन उचलत नाहीत. काम होऊनही तक्रार उघडी राहिली तर बिचाऱ्या मुकादमाला जाब विचारतात. अमुक दिवसांत तक्रारदाराकडून हरकत आली नाही तर बंद, पण हरकत आली तर पुन्हा उघडलीच पाहिजे, असा मधला मार्ग ठेवा.

कृष्णाकाठ

धागा वाचताना सारखी सांगली डोळ्यांसमोर येत होती, म्हणून लिहितो. आकड्यांवर चालणारा कारभार बघायचा असेल तर पावसाळ्यात इकडे या.

आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्याजवळ कृष्णेची पाणीपातळी मोजतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ‘किती फूट?’ हाच. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, अलमट्टीतून किती चाललंय, हेही भाजीवालीला माहीत असतं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर या भागांत इशारा पातळी गाठायच्या आतच पाणी शिरायला लागतं. तिथल्या लोकांना आपल्या उंबऱ्याचा आकडा पाठ आहे. अमुक फुटांना सामान माळ्यावर, अमुक फुटांना जनावरं बाहेर काढायची. २०१९ च्या पुरानंतर तर हे अंगवळणीच पडलं. कोल्हापूरकरांचं राजाराम बंधाऱ्याशी असंच नातं आहे, तिथे ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका.

हा आकडा इतका उपयोगी का पडतो, याचा मी बराच विचार केलाय. एक तर तो सगळ्यांना एकाच वेळी कळतो, आयुक्तांना आधी आणि आम्हाला नंतर असं नाही. दुसरं म्हणजे तो पडताळता येतो, पुलावर जाऊन बघता येतं. आणि त्याचा अर्थ लावायला अधिकारी लागत नाही, तो माझ्या घराच्या पायरीशी जोडलेला आहे. महापालिकेच्या बाकीच्या आकड्यांचं असं का होत नाही? माझ्या प्रभागात आज किती पाणी सोडलं, कचऱ्याची गाडी किती गल्ल्यांत गेली नाही, हे आकडे रोज तयार होतात. गाड्यांना जीपीएस आहे. पण ते दिसतं फक्त कार्यालयात.

मुळामुठा

@कृष्णाकाठ, फार नेमकं लिहिलंत. मुंबईतही पावसाचं असंच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा शहरात कुठे किती पडतोय हे कळायची सोय फारच तोकडी होती. कुलाब्याला त्या दिवशी त्या मानाने फारसा नव्हता. त्यानंतर महापालिकेने विभागाविभागांत स्वयंचलित पर्जन्यमापकं बसवली आणि आज तो पाऊस कोणालाही संकेतस्थळावर बघता येतो. एका भयंकर दिवसाने हे शहाणपण आलं.

अनघा_वैद्य

मुंबईचं आणखी एक उदाहरण, मी त्या काळात तिथे डॉक्टर म्हणून काम करत होते.

२०२० मध्ये करोनाच्या सुरुवातीच्या महिन्यांत रुग्णालयातल्या खाटेसाठी सगळी मुंबई १९१६ या एकाच क्रमांकावर फोन करत होती. पुढे २४ विभागांत २४ वॉर रूम झाल्या. प्रयोगशाळांचे पॉझिटिव्ह अहवाल आधी महापालिकेकडे जायचे, तिथे विभागवार याद्या व्हायच्या आणि सकाळी विभागाच्या वॉर रूममधून रुग्णाला फोन जायचा. लक्षणं काय, घरी वेगळी खोली आहे का, मधुमेह आहे का, हे विचारून खाट ठरायची. अहवाल हातात आला की घाबरून मोठ्या रुग्णालयाकडे धावायचं, हे बरंचसं थांबलं.

माहिती आधीही तीच होती, प्रयोगशाळाही त्याच होत्या. बदल झाला तो निर्णयाच्या जागेत. यादी विभागात पोचली आणि खाट देण्याचा अधिकारही विभागात आला. फोन करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरला धारावीतल्या खोलीचा आकार माहीत होता, त्यामुळे ‘घरीच विलगीकरणात राहा’ हे कोणाला सांगायचं नाही हेही तिला कळत होतं. आज तक्रारींच्या बाबतीत माझ्या विभाग कार्यालयातल्या अभियंत्याला पडद्यावर तक्रार दिसते, पण एक ट्रक खडी मागवायला वर फाइल पाठवावी लागते. माहिती खाली आणि अधिकार वर, अशी ही रचना आहे. ती बदलल्याशिवाय नुसतं अ‍ॅप बदलून काही होणार नाही असं माझं ठाम मत आहे.

हडसनकाठ

मी न्यू यॉर्कजवळ राहतो, तिथलं थोडं सांगतो. तिथे २००३ पासून ३११ ही एकच तक्रारसेवा आहे. २०१० पासूनची प्रत्येक तक्रार, कोणत्या खात्याकडे गेली, कधी उघडली, कधी बंद झाली, बंद करताना काय लिहिलं, हे सगळं ओळीओळीने कोणालाही उतरवून घेता येतं. तक्रारदाराचं नाव आणि फोन त्यात नसतो. २०१२ मध्ये त्यांनी शहराची माहिती खुली करण्याचा कायदाच केला. त्यामुळे पत्रकार, विद्यार्थी, घरभाडेकरूंच्या संघटना बसून हिशोब मांडतात, कोणत्या इमारतीत हिवाळ्यात हीटिंग बंद असतं, कोणतं खातं न बघताच तक्रारी बंद करतं. तिथेही खोटं ‘बंद’ होतं, पण ते उघडकीला आणता येतं.

बॉस्टनचा धडाही सांगण्यासारखा आहे. २०१२ च्या सुमारास त्यांनी एक अ‍ॅप आणलं. गाडीत फोन ठेवला की बसणाऱ्या हादऱ्यांवरून खड्डे आपोआप नोंदवले जायचे. लक्षात आलं असं की स्मार्टफोन आणि गाड्या जिथे जास्त, त्या सुखवस्तू भागांतलेच खड्डे जास्त दिसणार. म्हणून मग पालिकेच्या स्वतःच्या गाड्यांतही तीच सोय वापरली, त्या सगळीकडे फिरतात.

सखी_वस्ती

बॉस्टनचं वाचून राहवलं नाही. मी वस्त्यांमध्ये काम करते. आमच्या वस्तीतून अ‍ॅपवर तक्रारी जवळजवळ जात नाहीत. म्हणजे तिथे सगळं छान आहे का? सार्वजनिक शौचालयाचं दार तुटलं तर बायका नगरसेवकाच्या कार्यालयात जातात. तक्रारीची नोंद त्या कार्यालयाच्या वहीत होते, किंवा होतच नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्यातल्या सभागृहांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं प्रशासक होते. त्या काळात आमच्या बायकांनी जायचं कुठे? अ‍ॅपवर म्हणे. फोन नवऱ्याकडे, अ‍ॅपची भाषा कार्यालयीन, आणि पत्ता टाकायला रस्त्याचं नाव हवं. आमच्या गल्लीला नाव नाही.

आता कोणी तक्रारींच्या संख्येवरून निधी वाटायचं ठरवलं तर आमच्या वाट्याला काय येईल सांगा. ज्यांचा आवाज नोंदवलाच जात नाही ते आकड्यांत समाधानी ठरतात. माझी मागणी सरळ आहे. तक्रार तोंडी घ्या, आरोग्य निरीक्षकाने आठवड्यातून एकदा वस्तीत बसून ती नोंदवावी आणि क्रमांक कागदावर लिहून द्यावा. कागद हातात असला की बाई दुसऱ्यांदा ठामपणे विचारते, हे मी पाहिलंय.

खडकमाळ

@सखी_वस्ती, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्या भागातून तक्रारी येतच नाहीत, तिथे खात्याने स्वतःहून तपासणी करावी अशी अट घालता येईल.

तळजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. चर्चा इथेच विरून जाऊ नये असं वाटतंय. चार मागण्या मांडते.

मुदत पहिल्या दिवसापासून मोजावी, खातं बदललं तरी. हरकत आल्यास तक्रार पुन्हा उघडावी आणि अशा तक्रारींचा आकडा जाहीर करावा. नावं आणि फोन वगळून प्रभागवार तक्रारी दर महिन्याला संकेतस्थळावर ओळीओळीने टाकाव्यात. सर्वेक्षणातली नोंद कर लावण्याआधी मिळकतदाराला दाखवावी. सखीताईंची तोंडी तक्रारीची मागणी पाचवी म्हणून घेते. लोकशाही दिनाला, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी ऐकतात त्या दिवशी, आयुक्तांना हे निवेदन द्यावं का?

पेठकर_निवृत्त

ताई, लोकशाही दिन चालणार नाही. महापालिकेत तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात अर्ज लागतो आणि तिथे वैयक्तिक तक्रारच घेतात. धोरणाची मागणी परत करतील.

दोन वाटा सुचवतो. पहिली प्रभाग समिती. कायद्याने तिच्यावर स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी घेता येतात. तुमच्या प्रभागात ते नेमले आहेत का, कोण आहेत, ते शोधा. नसतील तर आधी त्याची मागणी करा. दुसरी माहितीचा अधिकार. कलम ४ प्रमाणे कार्यालयाने बरीचशी माहिती स्वतःहून जाहीर करायची आहे, पण अर्ज केलात तर काम लवकर हलतं. अर्जात ‘का’ असा प्रश्न घालू नका, त्याला उत्तर द्यायचं बंधन नाही. ‘मागील आर्थिक वर्षात क्षेत्रीय कार्यालयनिहाय दाखल, बंद, वर्ग व पुन्हा उघडलेल्या तक्रारींचा प्रणालीतील गोषवारा मिळावा’ असं लिहा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील.

शिवाय जन्मदाखला, नळजोड, मिळकतीवरची नावनोंद अशा अधिसूचित सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात येतात. तिथे मुदत कायद्यानेच ठरलेली आहे आणि दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. खड्डा त्यात येत नाही, पण वारसनोंद अडली असेल तर तिथे अपील करा, लोक करतच नाहीत.

कोडवाला

‘वर्ग’चा आकडा नक्की मागा. ‘ही माहिती संकलित नाही’ असं उत्तर येऊ शकतं. तेव्हा पहिल्या अपिलात लिहा की प्रत्येक वर्ग करण्याची तारीख आणि वेळ प्रणालीत साठवलेली असते, त्यामुळे गोषवारा काढता येतो. हवा असेल तर त्या परिच्छेदाचा मसुदा मी लिहून देतो.

डोंबिवली_लोकल

कल्याण-डोंबिवलीचा अर्ज मी करतो, या आठवड्यात.

कृष्णाकाठ

सांगली-मिरज-कुपवाडचा माझ्याकडे. तक्रारींबरोबर कचरागाड्यांच्या जीपीएसचा प्रभागवार गोषवाराही मागतोय. @कोडवाला, मसुदा इथेच टाका, सगळ्यांना वापरता येईल.

तळजाई

पुण्याचा मी करते. ठाणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथलं कोणी असेल तर खाली शहराचं नाव लिहा. उत्तरं येतील तशी याच धाग्यावर टाकूया, म्हणजे ‘वर्ग’ आणि ‘पुन्हा उघडलेल्या’ या दोन रकान्यांत शहरं शेजारीशेजारी ठेवून बघता येतील.